सगळे गूढवादी एकाच देवाबद्दल बोलतात का? सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरी सोलापूरच्या सिद्धेश्वरांची भक्ती, लहानपणापासून त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या) बघत आलीस, मग मैत्रिणीमुळे सूफी वाचायला लागलीस, मग कबीर, मग कुठूनतरी ख्रिश्चन मिस्टिक्सचे, म्हणजे देवाचा थेट अनुभव सांगणाऱ्या गूढवाद्यांचे, उतारे हाती लागले आणि आता वाटतंय की हे सगळे एकच सांगतायत. खरंच तसं आहे का, असेल तर घरातल्या देवाचं काय करायचं, आणि नसेल तर यातलं खरं कोण. शिवाय आई म्हणते असलं वाचून डोकं फिरतं, तेही तू लिहिलंयस, त्यावर शेवटी बोलतो कारण तो प्रश्न हलका नाहीये.

मी इथेच सोलापुरात कॉलेजला तत्त्वज्ञान शिकवत होतो, रिटायर झाल्यावर आमचा आठवड्याला एक वाचनाचा ग्रुप बसतो, त्यात एक कीर्तनकार आहेत, एक उर्दूचे निवृत्त शिक्षक आहेत, पूर्व भागातले एक पद्मशाली काका आहेत, कन्नड वचनं (शिवशरण संतांच्या छोट्या रचना) तोंडपाठ असलेल्या एक मावशी आहेत. त्यामुळे मी जे सांगतोय ते नुसतं पुस्तकातलं नाही, या लोकांबरोबर बसून वाद घालून तयार झालेलं आहे.

पहिली गोष्ट, "सगळे एकच सांगतात" हे इतक्या लवकर म्हणू नकोस. ऐकायला ते फार मोठ्या मनाचं वाटतं, पण बऱ्याचदा त्यात समोरच्याचं काही नीट ऐकूनच घेतलेलं नसतं. या विषयावर अभ्यासकांमध्येही जोरदार भांडण आहे. आल्डस हक्सलीने 1945 मध्ये मांडलं की सगळ्या धर्मांच्या गाभ्यात एकच तत्त्वज्ञान आहे, आणि 1978 मध्ये स्टीव्हन कॅट्झने उलट मांडलं की संस्काराशिवाय, भाषेशिवाय, परंपरेशिवाय असा कोरा अनुभव कुणालाच येत नाही, म्हणजे ज्यू साधकाला ज्यू अनुभव येतो आणि बौद्धाला बौद्ध. मला दोघांचंही अर्धंच पटतं. माझं मत असं झालंय की यांचं साम्य देवाच्या वर्णनात शोधू नये, वर्णन कुठे येऊन मोडतं आणि त्या वेळी बोलणाऱ्या माणसाचं काय होतं, तिथे बघावं. बाकी ठिकाणी फरक आहेत, खरे आहेत, आणि ते पुसले तर हातात काही राहत नाही.

आता आपल्या गावापासूनच घेऊ, कारण सोलापूरकराला यासाठी लांब जायची गरजच नाही.

सिद्धरामांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची, गोष्ट तुला माहीतच असेल. गुरं राखणारा, फारसं न बोलणारा पोरगा, त्याच्याकडे एक जंगम म्हणजे फिरता शैव साधू येतो, मल्लय्या नाव सांगतो, पोरगा त्याला हुरडा देतो, तो खातो आणि म्हणतो पोटात आग पडली, दहीभात आण. पोरगा घराकडे पळतो, आईकडून दहीभात घेऊन येतो तर मल्लय्या गायब. मग तो "मल्लय्या, मल्लय्या" करत रडत यात्रेकरूंच्या मागे थेट श्रीशैलपर्यंत जातो, तिथे मंदिरातला मल्लिकार्जुन दाखवतात तर म्हणतो हा नाही, मला तो हुरडा खाणारा पाहिजे. शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघतो तेव्हा देव त्याचा हात धरतो. या गोष्टीत बघ, देव आधी समोर येऊन बसतो, खातो, मागतो, आणि मग नाहीसा होतो, आणि सगळी ओढ त्या नाहीशा होण्यातून सुरू होते. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधला ख्रिश्चन साधू-कवी जॉन ऑफ द क्रॉस अगदी इथूनच सुरुवात करतो, प्रियकर जखम करून निघून गेला आणि जीव रात्रीचा त्याला शोधायला बाहेर पडला. त्याला 1577 मध्ये त्याच्याच संघातल्या लोकांनी टोलेडोला एका कोंदट खोलीत डांबलं होतं, महिनोन्‌महिने, आणि त्याची सगळ्यात गोड कविता तिथे सुरू झाली. त्याला सिद्धराम माहीत असायचं कारणच नाही. पण ग्रुपमध्ये आम्ही त्याची कविता वाचली तेव्हा वचनवाल्या मावशी पटकन म्हणाल्या, "हा पण दहीभात घेऊन उभा आहे की." एवढं साम्य मला मान्य आहे, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

पण गोष्ट पुढे जाते आणि तिथे खरी मजा आहे. सिद्धराम मोठे झाले, सोन्नलिगेत म्हणजे आपल्या सोलापुरात त्यांनी तलाव खोदला, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अन्नछत्रं चालवली. मग बाराव्या शतकातलेच शिवशरण अल्लमप्रभू आले आणि त्यांनी येताच टोचलं, कुठे आहे तो तुमचा दगडमाती खणणारा सिद्धराम? कामगार चिडले, दगड मारले, सिद्धराम स्वतः संतापले, आणि मग दोघांचा जो संवाद झाला तो पंधराव्या शतकातल्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात रचून ठेवलाय. अल्लमांचा मुद्दा असा की तू देवाला बाहेर बांधत बसलायस, तलावात, देवळात, पुण्यात, आणि हे सगळं करणारा "मी" मात्र आत तसाच शाबूत आहे. सिद्धराम त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या (बसव)कल्याणला गेले, अनुभवमंटपात म्हणजे शरणांच्या चर्चेच्या सभेत बसले, चन्नबसवांकडून इष्टलिंगाची (अंगावर धारण करायच्या लिंगाची) दीक्षा घेतली. म्हणजे एकाच परंपरेत, एकाच शतकात, एकाच देवाचे दोन भक्त आणि तरी देवाकडे बघण्याची रीत इतकी वेगळी. मग बगदाद आणि स्पेन आणि आळंदी यांचं सगळं एकच आहे असं आपण एका दुपारी कसं ठरवणार? (आणि तरीही तलाव राहिला, हे विसरू नको. अल्लम जिंकले असं म्हणतात, पण सोलापूर पिढ्यान्‌पिढ्या पाणी त्या खणणाऱ्याच्या तलावाचं प्यायलं. मी या वादात अजूनही सिद्धरामांच्या बाजूला थोडा जास्त झुकतो.)

आता तुझा मुख्य मुद्दा, देव आणि जीव एक होतात का. इथे तू म्हणतेस सूफी हल्लाज "अनल हक" म्हणजे "मीच सत्य" म्हणाला आणि उपनिषद "अहं ब्रह्मास्मि" म्हणतं, म्हणजे झालंच की एक. थांब जरा. हल्लाजला 922 मध्ये बगदादला मारलं, आणि सूफींमध्येच त्याच्याबद्दल तेव्हापासून दोन मतं आहेत. बगदादच्याच जुनैदची वाट वेगळी होती, शुद्धीवर राहण्याची. तो म्हणतो की फना म्हणजे "मी" विरून जाणं हा अर्धा रस्ता, त्यानंतर बका, म्हणजे देवाने माणसाला परत माणसांत पाठवणं, आणि परत आलेला माणूस बंदाच असतो, मालक होत नाही. उपनिषदातल्या याज्ञवल्क्याला हे चाललं नसतं, कारण त्याच्या मते दुसरं कुणी नव्हतंच, मग परत कोण येणार आणि बंदा कोणाचा? दोघंही "मी" सोडायला सांगतात. पण सोडल्यावर काय उरतं याचं उत्तर एक नाही.

आणि इस्लाममध्येही सगळ्यांचं एक नाही. सूफी विचारवंत इब्न अरबी, 1165 मध्ये स्पेनमधल्या मुर्सियाला जन्मलेला, 1240 ला दमास्कसला वारला, त्याच्या शिष्यपरंपरेने वहदतुल वुजूद मांडलं, म्हणजे असणं एकच आहे आणि हे सगळं जग त्याचं प्रकटणं. आता आपल्याकडून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गुलबर्ग्याला सूफी संत ख्वाजा बंदेनवाझ यांचा दर्गा आहे, सोलापुरातून किती माणसं उरसाला जातात, सगळ्या जातीधर्माची. ते 1422 ला वारले. हे बंदेनवाझ स्वतः इब्न अरबीच्या मांडणीचे टीकाकार होते! देव या सगळ्याच्याही पलीकडे आहे, त्याला जगात असं मिसळून टाकू नका, असा त्यांचा सूर. आमच्या उर्दूच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा ग्रुपमधल्या एकाला फार वाईट वाटलं, त्यांना वाटत होतं सूफी म्हणजे सगळे अद्वैती. मला उलट आनंद झाला, कारण तिथे कळलं की हे लोक गुळगुळीत बोलत नव्हते, त्यांना देवाबद्दल बरोबर बोलायची काळजी होती.

मग ख्रिश्चन बाजू. स्पेनमधल्या अविलाची नन तेरेसा, 1515 ते 1582, तिने 1577 मध्ये अंतरीच्या किल्ल्याचं पुस्तक लिहिलं, सात महालांचं. सहाव्या आणि सातव्या महालातला फरक सांगताना ती म्हणते, आधीची भेट म्हणजे दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र आल्यासारखी, ज्योत एकच दिसते पण मेणबत्त्या वेगळ्या करता येतात, आणि सातव्या महालातलं जीव आणि देवाचं लग्न म्हणजे पावसाचं पाणी नदीत पडल्यासारखं, आता कुठलं पावसाचं आणि कुठलं नदीचं कोण सांगणार. आमच्या कीर्तनकारबुवांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली, म्हणाले हे तर आपल्या मुंडक उपनिषदातलं, नद्या समुद्रात नाव-रूप टाकून जातात तेच. उर्दूचे सर म्हणाले, बुवा, पुढचं वाचा. पुढे तेरेसा म्हणते की या लग्नाचा उपयोग काय तर कामं, कामं, सेवा. आणि तिच्या चर्चच्या शिकवणीत जीव हा कायम निर्मिलेलाच राहतो, देव होत नाही. ती पाण्याची उपमा वापरते आणि तरीही एका रेषेपाशी थांबते. उपनिषदाला ती रेष नको आहे. दोघांचं पाणी सारखं, नदी वेगळी आहे, आणि ही चर्चा त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत चालली.

लग्नावरून आठवलं, आपण सोलापूरकर तर दरवर्षी असं एक लग्न लावतो आणि आपल्या लक्षात येत नाही. कुंभारकन्येला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, त्यांनी नकार दिला, मग तिने त्यांच्या योगदंडाशी लग्न लावायला मागितलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी संमती कट्ट्याजवळ, त्या योगदंडाची खूण असलेल्या नंदीध्वजांवर हजारो माणसं अक्षता टाकतात ते हेच. दुसऱ्या दिवशी होम होतो, आणि कथेत ती मुलगी त्यात जाते. हे मी फार वर्षं नुसती यात्रा म्हणून बघितलं होतं. वचनं लिहिणारी अक्कमहादेवी वाचली, जी चन्नमल्लिकार्जुनालाच (शिवालाच) नवरा मानून घर सोडून श्रीशैलला गेली, मग तेरेसा वाचली, त्यानंतर अक्षता हातात घेऊन उभं राहणं वेगळंच झालं. म्हणून मी म्हणतो बाहेरचं वाचून घरचा देव सुटत नाही, उलट तो नीट दिसायला लागतो. तुझ्या "घरातल्या देवाचं काय करायचं" याचं माझं उत्तर हेच आहे.

ज्यू परंपरेचं तू काही लिहिलं नाहीस, पण ती सोडू नको, कारण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा प्रश्न तिथे फार स्वच्छ मांडलाय. देव अनंत आहे, सगळीकडे तोच भरलाय, मग हे जग मावलं कुठे? सोळाव्या शतकात गालिलमधल्या सफेदला आयझॅक लुरिया नावाचा ज्यू गूढवादी होता, 38 वर्षांचा होऊन 1572 ला गेला, स्वतः फार काही लिहिलं नाही, शिष्यांनी लिहून ठेवलं. त्याचं उत्तर असं की देवाने आधी स्वतःला आकसून घेतलं, आत ओढून घेतलं, जागा रिकामी केली, त्या रिकाम्या जागेत जग आलं. पुढे प्रकाश ज्या पात्रांत ओतला ती फुटली, ठिणग्या सगळीकडे विखुरल्या, आणि माणसाचं काम त्या ठिणग्या गोळा करून फुटलेलं दुरुस्त करणं. आता हाच प्रश्न शंकराचार्यांना विचार, ते म्हणतील जग मावायचा प्रश्नच नाही, ते मायेमुळे दिसतंय. इब्न अरबीकडे जा, त्याला फार प्रिय असलेली एक हदीस कुदसी (देवाच्या तोंडचं मानलेलं वचन) आहे, मी लपलेला खजिना होतो, मला ओळखलं जावं असं वाटलं म्हणून मी सृष्टी केली. आणि मग आपल्या ज्ञानोबांकडे ये, अमृतानुभवाकडे. दहा प्रकरणं आहेत, त्यातलं सातवं अज्ञानखंडन सगळ्यात मोठं, आणि तिथे ज्ञानदेव जवळजवळ हट्टाने सांगतात की अज्ञान नावाची काही वेगळी वस्तू नाहीच, ज्याच्यामुळे जग दिसतं म्हणावं असं काही मध्ये नाही, हे सगळं दिसणं म्हणजे त्या चैतन्याचाच विलास. देव मागे सरकला नाही, झाकलाही गेला नाही, तोच स्वतःला बघतोय. चार माणसं, एकच कोडं, चार उत्तरं, आणि चारही उत्तरांतून जगायची चार वेगळी वळणं निघतात. लुरियाच्या माणसाला जग दुरुस्त करायचंय. ज्ञानदेवांच्या माणसाला ते आहे तसं ओळखायचंय. हे "एकच" म्हणून गुंडाळलं तर इतकी श्रीमंती वाया जाईल ना.

बौद्ध आणि जैन परंपरेबद्दल एवढंच सांगतो की तिथे जास्त सांभाळून जा. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं शून्य हे ब्रह्माचं टोपणनाव नाही, तिथे जगाचा कर्ता देव नाहीच, आणि आपल्या गावात इतके बौद्ध मित्र आहेत, त्यांना "तुमचं शून्य म्हणजे आमचं ब्रह्मच हो" असं प्रेमानेही सांगू नको, त्यात त्यांचं म्हणणं आपण गिळून टाकतो. जैनांचंही तसंच, योगींदुदेवाच्या परमात्मप्रकाशात आत्माच परमात्मा होतो पण प्रत्येक आत्मा वेगळा राहतो, कशात विरत नाही. सोलापुरातूनच जीवराज जैन ग्रंथमाला निघते, प्राकृत-संस्कृत ग्रंथांचं केवढं काम तिने केलंय, गावात राहून आपण तिकडे फिरकत नाही याचं मला वाईट वाटतं.

मग साम्य कुठे? मला दोन ठिकाणी दिसतं. एक, भाषा मोडण्यात. बृहदारण्यकातलं नेति नेति, सन 500 च्या आसपास डायोनिसिअस या नावाने लिहिणाऱ्या ख्रिश्चन साधूचं "तो प्रकाशही नाही आणि अंधारही नाही", ज्यूंचं एन सोफ म्हणजे ज्याला अंतच नाही आणि म्हणून ज्याबद्दल काही म्हणता येत नाही, चांगदेवांनी ज्ञानदेवांना पाठवलेला कोरा कागद. सगळे एका ठिकाणी येऊन शब्द खाली ठेवतात आणि मग परत उचलून भरभरून बोलतात, कारण गप्प बसवत नाही.

दुसरं, मरणात. तुकोबा म्हणतात "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो झाला सोहळा अनुपम्य". सूफींकडे सांगतात मरायच्या आधी मरा. नाथपंथी गोरखाच्या नावावर "मरो वे जोगी मरो" आहे. एकहार्ट, जर्मन डोमिनिकन, ज्ञानदेवांच्याच काळातला, तो देवासाठी देवालाही सोडायला सांगतो, म्हणजे माझ्या मनातला माझ्या सोयीचा जो देव आहे तोही जाऊ दे. (त्याच्या 28 विधानांवर पोपने 1329 मध्ये ठपका ठेवला, तोवर तो वारला होता.) बसऱ्याच्या सूफी राबियाची दुआ आठवते का, नरकाच्या भीतीने तुझी भक्ती केली तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने केली तर स्वर्ग बंद कर, पण तुझ्यासाठीच केली तर तुझं रूप माझ्यापासून लपवू नको. इथे माणूस देवाकडून काहीतरी मागणारा राहत नाही. हे मरण कुठल्याही परंपरेत दुसरीकडून उसनं घेता येत नाही, आणि तिथे पोचलेली माणसं एकमेकांना ओळखतात असं मला मनापासून वाटतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद" (अविंध म्हणजे मुसलमान) म्हणू शकले ते असंच, त्यात दोन धर्मांची बेरीज नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो म्हणाले, आणि गेल्यावर पूल पाडला नाही.

आता आईचं म्हणणं. ती अगदीच चुकीची नाही. या वाचनाने एक प्रकारची नशा चढते, कॉलेज, घर, माणसं सगळं क्षुल्लक वाटायला लागतं, आणि आपल्याला "कळलंय" असा एक ताठा येतो जो वर सांगितलेल्या सगळ्यांनी उघडपणे धोकादायक म्हटलाय. तेरेसा तर आपल्या नन्सना सांगायची की दृष्टांत वगैरे काय दिसलं ते सोडा, शेजारणीशी कशी वागतेस ते सांग, आणि अशक्त झालेलीला आधी नीट खायला-झोपायला लावायची. आणखी एक गोष्ट फार गांभीर्याने सांगतो. "आत्म्याची काळोखी रात्र" हे जॉन ऑफ द क्रॉसचं म्हणणं हल्ली रील्समध्ये फार येतं. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगून काय करायचं असं वाटतंय, तर त्याला काळोखी रात्र म्हणून पुस्तक उघडू नको, सरळ डॉक्टरकडे जा, घरी सांग. जॉन ऑफ द क्रॉसने स्वतः ती रात्र आणि निव्वळ उदासीचा आजार यात फरक केलाय. उपचार घेतल्याने साधना बाटत नाही.

कुठून सुरू करू असं विचारलंस. एक परंपरा घर म्हणून धर, तुझ्यासाठी ती वचनं आणि वारकरी संतच असणार, आणि दुसरी एकच पाहुणी म्हणून घे, वर्षभर. चार-पाच नको, सगळ्यांचे कोट्स फोनमध्ये साठवून काही होत नाही. घरच्यासाठी चांगदेव पासष्टीपासून सुरू कर, पासष्टच ओव्या आहेत, रोज एक, सार्थ प्रत घे आणि ओवी मोठ्याने वाच, अर्थ नंतर बघ. मग सिद्धराम आणि अल्लमांची वचनं, मराठीत अनुवाद मिळतात, आजी कन्नड वाचत असेल तर तिच्याकडून मूळ ऐक, त्याची सर कशालाच नाही. पाहुणीसाठी राबिया किंवा तेरेसा. इब्न अरबी आत्ता नको, तो फार अवघड आहे आणि इंटरनेटवर त्याचं चुकीचंच जास्त फिरतं. सोबतीला गुरुदेव रा. द. रानडे वाच, त्यांनी 1933 मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढानुभवावर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, अलाहाबादला प्रोफेसर होते पण नामस्मरण कधी सोडलं नाही, म्हणजे अभ्यास आणि साधना दोन्ही एका माणसात. त्यांचा आश्रम निंबाळला आहे, सोलापूर-विजापूर रेल्वेलाइनवरच, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आणि मैत्रिणीबरोबर वाच. ती तिच्या घरची दुआ समजावून सांगेल, तू तुझी ओवी सांग, आणि जिथे जुळत नाही तिथे दोघी थांबा, त्या जागेवर पेन्सिलने खूण करा आणि पुढे जा. आमच्या ग्रुपमधल्या वह्यांत अशा खुणाच जास्त आहेत, काही तर आम्ही अजून उघड्याच ठेवल्यात. पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा कुठल्या ओवीशी अडलात तेवढं नक्की कळव.